तोंडपाठ

पुस्तक उलटं होतं आणि मुलगी वाचत होती. दुसरीच्या वर्गात वाचनाचा तास चालला होता, खिडकीतलं ऊन फळ्याच्या खालच्या कोपऱ्याला टेकलं होतं, आणि टीचर हात मागे बांधून बाकांमधल्या वाटेनं नेहमीसारखी फिरत होती. उभी राहिलेल्या मुलीला सगळे टिटवी म्हणत. आवाज बारीक, टोकदार. एकदा लागला की शेजारच्या वर्गात पोचायचा. धडा माळ्याचा होता. माळी झाडाला विचारतो, ‘झाडा झाडा, तुला तहान लागली का?’ आणि झाड काही बोलत नाही. टिटवी ते इतकं छान वाचत होती की टीचर पाठमोरी होऊन, डोळे अर्धवट मिटून ऐकत होती. ‘लागली का’पाशी आवाज वर चढला, मग थोडा थांबला, त्या थांबण्यात एक बारीकसा उसासा आला, आणि मग ‘झाड काही बोललं नाही.’ तो उसासा ऐकून टीचरला कुठंतरी खटकलं. तो उसासा तिचा स्वतःचा होता. इतक्या वर्षांत आपण तिथं उसासा टाकतो हे तिला कधी जाणवलं नव्हतं. आणि आता तो एका सात वर्षांच्या पोरीच्या नाकातून, जसाच्या तसा, बाहेर आला होता. ती वळली. मुखपृष्ठावरचा माळी डोक्यावर उभा होता. झारी वर, पाय आभाळात.

पहिल्यांदा तिला राग आला नाही, आशा वाटली. तिचे बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे चिमट्यात धरून उलट्या ओळी जुळवायचे आणि त्या उलट्या ओळी सुलट्यासारख्या भराभर वाचायचे. लहानपणी जेवताना ती टेबलाच्या पलीकडून पुस्तक धरायची आणि बाबा समोरून, उलटं, तोंडातला घास न थांबवता वाचून दाखवायचे. आई म्हणायची, पुरे तुमची जादू, आमटी गार होतेय. म्हणजे असं वाचणारी माणसं जगात असतात. ती टिटवीजवळ गेली आणि अगदी सहज, काही विशेष नाही अशा थाटात, तिनं आपला तळवा पानावर ठेवला. पान पूर्ण झाकलं गेलं. टिटवीनं एकदा त्या हाताकडं पाहिलं, आणि ती वाचत राहिली. माळ्यानं झारी आणली. झारीत पाणी होतं. तळव्याखाली कागद थोडा गरम लागत होता. “बस,” टीचर म्हणाली. “छान.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. छान म्हटलं की टाळ्या वाजवायच्या, हेही त्यांना तिनंच शिकवलं होतं.

त्या दिवशी उरलेल्या तासांत तिनं एक उद्योग केला, जो चोरासारखा वाटला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. कपाटातून दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या पुस्तकातलं एक सोपं पान काढलं, त्यात फक्त एक बदक आणि एक डबकं होतं, आणि एकेका मुलाला टेबलापाशी बोलावून हळूच वाचायला दिलं. काहींनी वाचलं. काही पहिल्या शब्दाशी थांबले, मग चित्राकडं पाहून त्यांनी बदकाबद्दल आपल्या मनाचं काहीतरी सांगितलं, आणि ते सांगताना आवाज बरोबर चढवला, बरोबर उतरवला. वर्गात सगळ्यात हुशार समजला जाणारा, केसांना तेल लावून चापून भांग पाडणारा मुलगा पानाकडं बघून अगदी समजूतदारपणे म्हणाला, “टीचर, हे तुम्ही आम्हाला अजून वाचून नाही दाखवलं.” त्याचं काय चुकलं? ती आधी वाचून दाखवायची, मग मुलं मागोमाग म्हणायची, मग घरी जाऊन दहादा म्हणायची. याचीच तर शाळेची ख्याती होती. दुसरीतली मुलं घडाघड वाचतात. सिस्टर लोकांची शाळा, शिस्त आहे, उच्चार बघा, असं म्हणत आईबाप प्रवेशासाठी भल्या पहाटे फाटकाशी उभे राहायचे, बिशपांपर्यंत ओळखी लावायचे. वार्षिक संमेलनात तिच्या वर्गाचं वाचन पहिलं असायचं, आणि पडद्यामागे उभी राहून ती ओठ हलवत असायची.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला नाही. संध्याकाळ अजून खोलीत होती. बाबा गेल्यावरही त्यांची खुर्ची खिडकीशी होती तशीच होती. ती आता हलव, असं ताई दर फोनला सांगायची. ताई मोठी बहीण, दुसऱ्या शहरात, भरल्या घरात; तिच्या फोनमागे नेहमी कुकरच्या शिट्या आणि नातवंडांचं रडणं असायचं. “एकटीनं काय बसून राहतेस? इकडं ये चार दिवस,” ताई म्हणायची, आणि चार दिवसांचं बोलावणं चार दिवसांचंच असतं हे दोघींनाही ठाऊक होतं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतर हात परत आला, पाय परत आला, बोलणंही तुटक तुटक आलं, पण अक्षरं काही आली नाहीत. ज्या माणसानं जन्मभर शिसं चाळलं त्याला स्वतःचं नाव ओळखू येईना. डॉक्टरांनी हे तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबांना कुणी सांगितलं नाही. ते रोज सकाळी पेपर मागायचे. चष्मा लावायचे, पेपर झटकून घडी मोडायचे, आणि बराच वेळ एकाच पानाकडं बघत राहायचे. मग पान उलटायचे, कारण पान उलटायचं असतं. “काय म्हणतोय पेपर?” ती चहा ठेवताना विचारायची. “तेच आपलं,” बाबा म्हणायचे. दोघांनी मिळून ते असं जपलं होतं, काचेच्या भांड्यासारखं, एकमेकांच्या हातात देत. कधी कधी तिला वाटायचं, एकदा तरी त्यांच्या शेजारी बसावं आणि म्हणावं, बाबा, मला माहीत आहे. म्हणजे निदान त्या पेपरामागे ते एकटे राहणार नाहीत. पण ती चहा ठेवून आत जायची. प्रार्थना मात्र त्यांना अखंड यायची. एरवी ‘पाणी’ म्हणताना अडखळणारे बाबा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणू लागले की कुठं न थांबता शेवटच्या आमेनपर्यंत जायचे, आणि मग दमून, जरा चकित होऊन, तिच्याकडं बघायचे, जणू हे कोण बोललं.

अंधार पडला तेव्हा तिनं दिवा लावला, आणि उद्या मोठ्या सिस्टरांशी बोलायचं असं ठरवलं.

मोठ्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. शाळेत आणखी तीन सिस्टर होत्या, पण मोठ्या म्हटलं की याच. गुडघे दुखायचे म्हणून त्यांच्या टेबलाखाली एक पाट असायचा, त्यावर पाय ठेवून त्या कागदांवर सह्या करायच्या. टीचरनं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पेन बंद केलं, ही चांगली खूण होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आणि हे आत्ता? पुढच्या आठवड्यात शिक्षण मंडळाचे फादर तपासणीला येतायत.”

“म्हणूनच सांगतेय, सिस्टर.”

“मी प्रार्थना कशी शिकले माहीत आहे तुम्हाला?” सिस्टरांनी पाय पाटावरून खाली घेतले. “आमच्या आजीनं पाठ करून घेतली. चुलीपुढे बसवून. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता. आधी पाठ, अर्थ मागून. अर्थ येतो हो टीचर, आपल्या पावलांनी येतो. मुलांना घाई करू नये.”

“आणि नाहीच आला तर?”

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मैदानावर पीटीचे सर शिट्टी वाजवत होते आणि मुलं एका वेळी हात वर करत होती, एका वेळी खाली. “नाही आला तर,” त्या म्हणाल्या, “निदान पाठ तरी असतं.” हे त्या इतक्या हळू बोलल्या की टीचरला वाटलं आपण ऐकायला नको होतं. बाबांचा आमेननंतरचा चेहरा तिच्यासमोर आला. मग सिस्टरांनी पेन उघडलं, आवाज नेहमीचा झाला. “माळ्याचा धडा चांगला झालाय ना? तोच ठेवा.”

तिनं तोच ठेवला. फादर आले, तरुण होते, बूट चकचकीत, बोलणं मऊ. ते शेवटच्या बाकावर मुलांसारखे गुडघे दुमडून बसले म्हणून वर्ग हसला आणि सगळं सोपं झालं. मोठ्या सिस्टर दाराशी उभ्या होत्या. टिटवी उभी राहिली. आज पुस्तक सुलट होतं. झाडा झाडा, तुला तहान लागली का. फादरांनी मान डोलावली, त्यांच्या ओठांवर कौतुक आलं, हातातलं पेन कागदावर टेकलं. उसासा आला. झाड काही बोललं नाही. आणि त्या क्षणी टीचरला इतकं एकटं वाटलं, की वर्गात जणू कुणी नाही, सगळ्या बाकांवर तीच बसली आहे आणि तीच स्वतःला वाचून दाखवते आहे. तिच्या लक्षात आलं की आपण बोलतो आहोत. “बाळ, पुढचा धडा काढ. आपण न केलेला. पहिली ओळ वाच.”

टिटवीनं पान उलटलं. पानाकडं पाहिलं, मग टीचरच्या तोंडाकडं पाहिलं. तिथून पहिला शब्द येईल म्हणून ती वाट बघत होती. नेहमी यायचा. टीचरनं ओठ घट्ट मिटले. कुणाचा तरी बाक करकरला. टिटवीनं पुन्हा पानाकडं पाहिलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या, मग गाल, मग तो टोकदार आवाज एकदाच आला, “टीचर, सांगा ना,” आणि ती रडायला लागली. वर्गातल्या दोन-तीन मुलांनी, काहीतरी करायला हवं म्हणून, टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत टीचर शिरली की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी पंख्याबद्दल काहीतरी बोलायचं. चित्रकलेच्या टीचर, ज्यांच्याबरोबर ती इतकी वर्षं डबा खायची, तेवढ्या एकदा म्हणाल्या, “आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास बाई. आणि आमच्याही.” कारण फादरांनी मग सगळ्याच वर्गांत न केलेली पानं काढायला लावली होती. मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. दुसरीचा वर्ग त्यांनी नव्या, नुकत्याच लागलेल्या टीचरला दिला आणि हिला जिन्याखालची खोली दिली, जिथं पीटीचे चेंडू आणि दोऱ्या असायच्या. “कच्ची मुलं तुमच्याकडं पाठवते,” त्या म्हणाल्या. “खरं बोललात तुम्ही. आता ते निस्तरायलाही तुम्हीच हव्यात.” ती शिक्षा होती की विश्वास, हे तिला कळलं नाही; कदाचित सिस्टरांनाही कळलं नसावं.

त्याच आठवड्यात टिटवीची आई आली. नर्स होती, ड्यूटीवरून तशीच आली होती, अंगाला औषधांचा वास. खुर्चीवर बसलीच नाही. “चारचौघांत उभं करून रडवलंत माझ्या पोरीला. एवढ्या मोठ्या माणसापुढं. काय मिळवलंत?”

“तिला वाचता येत नाही,” टीचर म्हणाली.

“काहीतरीच बोलू नका. रोज मला वाचून दाखवते ती. अख्खं पुस्तक.”

“पुस्तकाकडं बघून?”

दोरीची एक गुंडाळी खुंटीवरून घसरून खाली पडली, ती दोघींनीही उचलली नाही. “मी आडवी पडून ऐकते,” आई म्हणाली. “डोळे मिटून. पाय इतके दुखत असतात.” मग ती बसली. खुर्ची लहान मुलांची होती. “म्हणजे ती मला... मला बरं वाटावं म्हणून?” टीचरनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. एक पेपर, एक चहाचा कप, ‘तेच आपलं’. तिला वाटलं या बाईच्या हातावर हात ठेवावा. पण तेवढ्यात त्या बाईनं डोळे पुसले आणि ड्यूटीवरच्या, कोरड्या आवाजात विचारलं, “किती दिवस लागतील?”

“माहीत नाही. पण मी आहे.”

शाळा सुटल्यावर टिटवी जिन्याखालच्या खोलीत येऊ लागली. पहिले काही दिवस ती टीचरकडं बघायचीच नाही. दप्तर मांडीवर घेऊन, घट्ट धरून बसायची. तिला काही दाखवलं की ती अंदाज बांधायची, आणि अंदाज इतके चलाख असायचे की टीचरला हरल्यासारखं व्हायचं. बदकाचं चित्र असलं की ‘बदक’, नसलं तर टीचरच्या भुवयांवरून. मग एके दिवशी टीचरनं पाटीवर असे शब्द लिहिले ज्यांना अर्थच नव्हता. गुबटी. लमकू. टाफण. अर्थ नसेल तर अंदाज कशाचा बांधणार? टिटवीनं बराच वेळ ‘लमकू’कडं पाहिलं. “हे काय असतं?” “काही नसतं. नुसतं वाच.” “ल,” टिटवी म्हणाली. वर जिन्यावरून कुणी तरी धावत गेलं, छतातून थोडी धूळ पडली. “म. कू. लमकू?” आणि तिला हसू आलं, रडल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. “लमकू! टीचर, माझ्या मामाला लमकू म्हणते मी आजपासून!” टीचरही हसली. आपलं हसणं त्या खोलीत किती मोठं वाटतं याचं तिला नवल वाटलं.

सगळ्यात कठीण होतं ते गप्प बसणं. पोर एका अक्षरावर अडून बसायची, घाम फुटायचा, आणि शब्द टीचरच्या जिभेच्या टोकावर तयार असायचा, सुपारीसारखा. तो गिळावा लागायचा. जन्मभर ज्या आवाजावर ती जगली होती तो असा रोज थोडाथोडा गिळताना तिला रात्री घसा दुखल्यासारखा वाटायचा. तिला आपलं स्वतःचं वाचणं आठवायचा प्रयत्न करावासा वाटे: आपल्याला कुणी शिकवलं? शाळेतल्या कुठल्याच सिस्टरचा चेहरा समोर यायचा नाही. यायची ती न्हाणीघरातली एक बाटली. ताप आला होता, घरी ठेवलं होतं, आणि त्या बाटलीवरची दोन अक्षरं, जी रोज नुसती काळी नक्षी होती, अचानक पुढं येऊन म्हणाली, विष. ती ओरडत स्वयंपाकघरात गेली होती, विष, विष, आणि आत्यानं घाबरून तिच्या घशात बोटं घातली होती. ओकारी काढेपर्यंत कुणी ऐकलंच नाही की पोरगी प्यायली नाहीये, तिनं वाचलंय. म्हणजे ते असं येतं. एकटं असताना, कुणी बघत नसताना. मग शिकवणारा काय करतो? तिथं असतो, एवढंच. नंतर तिथून उठतो.

टिटवीचं वाचन कुरूप होतं. सपाट, अडखळतं, स्वल्पविरामाला न जुमानणारं. एक शब्द ओढत आणायची, मग दुसरा, आणि वाक्याच्या शेवटी पहिला विसरलेली असायची, म्हणून पुन्हा मागे जायची. संमेलनात असं कुणी वाचलं असतं तर लोकांनी माना खाली घातल्या असत्या. एकदा मोठ्या सिस्टर गुडघे धरत जिन्याखाली आल्या, दाराशी उभ्या राहून त्यांनी हे सगळं ऐकलं. पान संपेपर्यंत ऐकलं, आणि पान संपायला फार वेळ लागला. मग परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाकरवी जिन्याखाली एक मोठी खुर्ची पाठवून दिली, पाठ असलेली.

थंडी संपता संपता टिटवी यायची थांबली. तिला आता यायची गरज नव्हती, नव्या टीचरनंच तसं सांगितलं. त्या खोलीत दुसरी मुलं यायची, पहिलीतला एक बोबडा, चौथीतली दोन भांडखोर जुळी भावंडं, आणि काम कमी नव्हतं. व्हरांड्यात टिटवी समोरून आली तर मैत्रिणींच्या घोळक्यात असायची. कधी हात हलवायची, कधी बघायचीच नाही. त्यात काही वावगं नव्हतं. ज्याच्यापुढं आपण रडलो त्या माणसाला टाळावंसं वाटतंच. टीचर घरी जायची, दिवा लावायची, खुर्चीकडं बघायची. एका रविवारी तिनं ती खिडकीपासून हलवून भिंतीशी ठेवली, आणि संध्याकाळी खिडकीशी उभं राहायला जागा झाली, तेव्हा ताईला फोन करून सांगितलं. “बरं केलंस,” ताई म्हणाली, आणि मागे कुणीतरी ताट पाडलं.

मग एका शनिवारी ती घशाच्या गोळ्या घ्यायला चौकातल्या औषधाच्या दुकानापाशी गेली. दुकान नव्यानं सजवलं होतं, पुढं जाड काचेचं दार बसवलं होतं. दारापाशी एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कोपरानं दांडा धरून दार आपल्याकडं ओढत होती, आणि ते उघडत नव्हतं. औषधांच्या वासाच्या त्या बाईला टीचरनं पाठीवरूनच ओळखलं. शेजारी टिटवी उभी होती, मान वर करून, दांड्याच्या वर काचेवर लिहिलेल्या शब्दाकडं बघत. टीचर दोन पावलं मागे होती. हाक मारावी असं वाटलं. हाक ओठांपर्यंत आली.

“बंदच आहे की काय मेलं,” आई म्हणाली. “चल, पलीकडच्या दुकानात बघू.”

टिटवी हलली नाही. “ढ,” ती म्हणाली. मग खूप वेळ काहीच नाही. मागून एक म्हातारा येऊन थांबला, त्यानं घड्याळात बघितलं. “ढ. क.”

“अगं चल ना.”

“थांब गं आई.” तिनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. कुणाकडंच बघितलं नाही. “ला,” ती म्हणाली, आणि मग तिन्ही एकत्र, जरा अविश्वासानं, जरा रागानं, “ढकला.”

तिनं दप्तर पाठीवर वर सरकवलं, दोन्ही तळवे काचेवर टेकले आणि अंगातला सगळा जोर लावला. दार उघडलं. आई पिशव्यांसकट तिच्यामागून आत गेली, म्हातारा आत गेला, आणि दार हळूहळू, आपल्या वजनानं, टीचरच्या समोर येऊन बंद झालं. आत दिवे होते. टिटवी गल्ल्यापाशी टाचा उंचावून उभी होती आणि मांडलेल्या डब्यांवरून, एकावरून दुसऱ्यावर, बोट फिरवत होती. तिचे ओठ हलत होते, पण काचेतून आवाज येत नव्हता. टीचर थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग गोळ्या उद्या घेऊ असं म्हणून ती फुटपाथवरून चालू लागली.